प्रश्नचिन्ह लावलं की झालं?

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकातला 'पोलिओ परतला?' हा मथळा वाचून चहा गार झाला. खाली बातमी काय, तर एका मुलाच्या शौचाचे नमुने तपासायला गेले! अहो, १५ वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला की नमुने जाणारच. २०११ च्या जानेवारीत हावड्याला नैसर्गिक पोलिओ विषाणूची देशातली शेवटची केस सापडली, त्यानंतरही हे काम थांबलेलं नाही. मी जन्मभर आरोग्यसेविका होते, असे डबे बर्फात घालून परळच्या प्रयोगशाळेला कितीदा पाठवले असतील.

पण घरचं सांगते. नातू सहा वर्षांचा. जुलाब थांबून आठवडा झालेला. सकाळी अंगणात त्याच्या पायात चप्पल टिकेना. घाल, दोन पावलं, निसटली. पुन्हा घाल. संध्याकाळी पाटावरून उठताना गुडघ्यांवर हात टेकायला लागला. डॉक्टर म्हणाले, "आजी, शाळा बुडवायची नाटकं आहेत." वर कमरेत इंजेक्शन द्यायला निघाले. पाय असे लुळे पडत असताना सुई टोचायची नाही, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं. मी त्यांचा हातच धरला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात निदान झालं, जीबीएस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या नसांवर उलटते तो आजार; पोलिओ नव्हे. तेव्हा पुण्याची साथ यायची होती, हे नाव कुणाला ठाऊक? तरी पोलिओसाठी नमुने द्यायचेच: निदान २४ तासांच्या अंतराने दोन, तेही पाय लुळा पडल्यापासून १४ दिवसांच्या आत. आमचा दुसरा पुरेसा मिळाला नाही, म्हणून ६० दिवसांनी आरोग्य खात्याचे साहेब पाय तपासायला आले. नातवाची स्वारी तेव्हा आंब्याच्या झाडावर!

मधल्या दिवसांत मात्र बर्फाचा डबा बघून शेजारणीने आपली मुलं आत घेतली होती. आता तुमचा मथळा वाचून लोक नमुना द्यायलाच नाही म्हणतील, ते कोण निस्तरणार? दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांना पोलिओची सुई असते, थेंब वेगळे, याबद्दल बातमीत एक ओळ नाही. प्रश्नचिन्हाला मात्र जागा होती.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, कराड

ता. क. पल्स पोलिओच्या फोटोत दरवर्षी पाहुण्यांचे चेहरे लख्ख आणि थेंब पाजणाऱ्या आशाताईचा नुसता हात. यंदा कॅमेरा जरा बाजूला सरकवता आला तर बघा.