कोंडा, इसबगोल आणि तुझं डोकं

मेलबर्न,
१८ एप्रिल

ती. आई,

साष्टांग नमस्कार. आण्णांनाही सांग.

दादानं लिहून पाठवलेलं वाचलं. सकाळी अनशापोटी दोन चमचे इसबगोल, कणकेत वरून कोंडा, दुपारी वाटीभर मटकीची उसळ, रात्री दुकानातली फायबर पावडर, आणि हे सगळं एकाच आठवड्यात सुरू! पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि डोकं आधीपेक्षा जास्त दुखायला लागलं, यात मला नवल वाटलं नाही. बद्धकोष्ठावर डॉक्टर 'फायबर वाढवा' म्हणाले ते बरोबरच आहे. पण या चारही गोष्टी पोटात वेगवेगळं काम करतात.

हे ओट्यावरच बघता येईल. पाण्याचे तीन पेले मांड. एकात चमचाभर इसबगोल टाक, दुसऱ्यात गव्हाचा जाड कोंडा, तिसऱ्यात ती पावडर. दहा मिनिटांत इसबगोल मागाच्या सुताला लावतात त्या खळीसारखा घट्ट होईल. कोंडा भिजून खाली बसेल आणि वरचं पाणी पातळच राहील. पावडर मात्र साखरेसारखी विरघळून दिसेनाशी होईल.

इसबगोलाची ही खळ मोठ्या आतड्यातले जंतू फारशी खात नाहीत. ती पाणी धरून शेवटपर्यंत जाते, म्हणून घट्ट शौच मऊ होतं आणि पातळ असेल तर बांधून येतं. गॅसही फारसा होत नाही. पण पाणी कमी पडलं तर तीच खळ आत बोळा होऊन बसते. कोंड्याची गोष्ट निराळी. त्याचे खरखरीत कण आतड्याला घासतात, आतडं पाणी आणि बुळबुळीतपणा सोडतं आणि पुढे ढकलतं. म्हणून कोंडा मिक्सरमधून बारीक करू नकोस. बारीक कोंडा घासत नाही, नुसती कोरडी भर घालतो आणि उलट खडा धरू शकतो.

तिसरा पेला म्हणजे बहुतेक इन्युलिन, पाण्यात विरघळणारं एक फायबर. पाकिटावर 'इन्युलिन', 'चिकोरी रूट' किंवा 'एफओएस' लिहिलंय का ते वहिनीला वाचायला सांग. हे आतड्यातल्या जंतूंचं आवडतं खाणं. ते खाऊन आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लं तयार करतात, म्हणजे वस्तू वाईट नाही. पण त्यासोबत गॅसही होतो, आणि एकदम जास्त गेलं की पोट तडतडतं. मटकी, हरभरा, तूर यांत अशाच जातीची साखर असते आणि कांदा, लसूण, गहू यांत इन्युलिनचीच भावंडं. इथल्या मोनॅश विद्यापीठात एकेका पदार्थातलं त्यांचं प्रमाण मोजलेलं आहे. ज्वारी त्यात कमी निघते. आपल्या भाकरीनं पोट हलकं वाटतं त्याला हे एक कारण आहे.

मटकी सोडायची नाही. आठ-दहा तास भिजव, ते पाणी टाकून दे, मोड आण आणि ताज्या पाण्यात शिजव. त्रास देणारी साखर बरीच पाण्यात उतरते आणि मोड येताना आणखी कमी होते. सध्या अर्धी वाटी, आठवड्यातून दोनदा.

तुला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम फायबर हवं. त्यातलं बरंचसं घरातच आहे. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या एका भाकरीत सुमारे ५ ग्रॅम असतं, फक्त पीठ चाळून कोंडा फेकू नका. दोन भाकरी, एखादा पेरू, पालेभाजी, जवसाची चटणी, एवढ्यानं पल्ला जवळ येतो. जवस मात्र कुटलेलेच खा, अख्खे तसेच बाहेर पडतात. कडक भाकरी उत्तमच, पण तिच्यात स्वतःचं पाणी जवळजवळ नसतं. आमटीत चांगली भिजवून, कुस्करून खा. कोरडी चटणीशी खाल्लीस तर वर पेलाभर पाणी हवंच.

आता डोकं. कोठा साफ नसला की गॅस डोक्यात चढतो असं आपल्याकडे म्हणतात. गॅस डोक्यात जायला वाट नाही. बद्धकोष्ठ आणि डोकेदुखी एकाच माणसात पुष्कळदा सापडतात हे खरं, पण दोघांच्या मागे बहुधा तिसरंच काहीतरी असतं. पाणी कमी, चुकलेलं जेवण, अपुरी झोप, नाहीतर गोळ्या. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, ॲल्युमिनियमवालं पित्ताचं औषध, अर्धशिशी येऊ नये म्हणून रात्री देतात ती अमिट्रिप्टिलिन, या सगळ्यांनी शौचाला घट्ट होतं. शौचाला जोर केल्यानंही डोक्यात ठणका उठतो. शिवाय सोलापूरचा उन्हाळा! चाळिशीच्या वर पारा असताना फायबर वाढवायचं आणि पाणी तेवढंच ठेवायचं, यानं डोकं आणि पोट दोन्ही बिघडतं. लघवी फिकट पिवळी राहील इतकं पाणी पी. आण्णांना हृदयाच्या गोळ्या आहेत, त्यांचं पाणी त्यांच्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेच.

'पित्तानं डोकं उठलं, उलटी झाल्यावर उतरलं' असं तू म्हणतेस, ती मला अर्धशिशी वाटते. त्या वेळी जठराचं काम मंदावतं, अन्न तिथंच पडून राहतं, म्हणून मळमळ आणि उलटी. त्या दिवशी इसबगोल, उसळ, कोंडा काही नको. मऊ भात, पातळ ताक, घोट घोट पाणी. गोळी घ्यायचीच असेल तर दुखणं सुरू होताच घे. उशिरा घेतलेली गोळीही जठरात पडून राहते. पण महिन्यात १५ दिवस डोकेदुखीच्या साध्या गोळ्या, किंवा १० दिवस मिश्र गोळ्या (एकीत दोन-तीन औषधं असतात त्या), असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. हे नक्की मोजा.

एकादशीला तर तुझं डोकं ठरलेलं. साबुदाण्यात फायबर नावालाही नाही. त्याची साखर झरकन चढते आणि उतरते, पाणी कमी जातं, आणि नेहमीचा चहा सोडलास तर तो न मिळाल्याचीही डोकेदुखी १२ ते २४ तासांत सुरू होते. उपास सोड असं मी म्हणणार नाही. साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, रताळं, काकडी घे आणि चहाचा एक कप राहू दे.

आता करायचं ते असं. पावडर आणि वरचा कोंडा आज बंद. रात्री जेवणानंतर अर्ध्या तासानं चहाचा एक चमचा इसबगोल २५० मिली पाण्यात ढवळून लगेच पी, घट्ट व्हायच्या आत. वर अर्धा पेला आणखी. लगेच आडवी होऊ नकोस. बाकी गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तास ठेव, सकाळच्या थायरॉइडच्या गोळीपासून चार तास. परिणाम दिसायला १२ तासांपासून तीन दिवस लागतात, म्हणून दुसऱ्या सकाळी चमचे वाढवू नकोस. आठ-दहा दिवस बरं गेलं तरच दुसरा चमचा. गिळायला अडकत असेल, किंवा पोट फुगून गॅससुद्धा सरत नसेल, तर इसबगोल अजिबात नाही, सरळ दवाखाना.

डोकं अचानक, क्षणात, कधी नव्हे इतकं फुटायला लागलं, ताप येऊन मान ताठली, हातपाय किंवा बोलणं जड झालं, तर तडक दवाखान्यात जा. शौचातून रक्त किंवा विनाकारण वजन उतरणं, हेही थांबवून ठेवू नका.

वहिनीला एक वही घालायला सांग. शौच शेंगदाण्यांसारखं खडे खडे की मऊ, डोकं किती वाजता दुखलं, त्याआधीचं जेवण किती वाजता, पाण्याचे पेले, आणि गोळी घेतली असेल तर तिचं नाव. तीन आठवड्यांची पानं फोटो काढून पाठव, मी ओळ न् ओळ वाचीन.

तुझी,
माई