हाय टी श्रीमंतांचा नव्हे!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला इंग्रजांच्या चहावरचा लेख आवडला. सोबतचा फोटोही छान होता: तीन मजली तबक, खाली काकडीची सँडविचेस, मधे स्कोन (छोटे गोडसर पाव), वर इवलेसे केक. पण त्याखाली ‘राजेशाही हाय टी’ असं छापलंय, तिथे मी अडखळले. गेली पन्नासेक वर्षं उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशरमध्ये काढल्यावर हे वाचून गप्प बसणं जमेना.

फोटोत आहे तो ‘आफ्टरनून टी’. दुपारचं जेवण लवकर आणि रात्रीचं फार उशिरा, त्यामुळे मधे भुकेने जीव कासावीस होतो म्हणून बेडफर्डच्या डचेस ॲना यांनी १८४०च्या सुमारास तो सुरू केला, असं सांगतात. हाय टी मात्र गिरणीतून दमून घरी आलेल्या माणसाचं संध्याकाळचं जेवण. इथे उत्तरेत त्याला नुसतं ‘टी’च म्हणतात.

हा फरक मला कुठल्या पुस्तकाने शिकवला नाही. १९७१ साली मी हडर्सफील्डला नर्स म्हणून आले. आमच्या वॉर्डातल्या एका मदतनीस बाईंनी पहिल्याच महिन्यात बोलावलं, “शनिवारी साडेपाचला टीला ये.” चहालाच तर जायचंय, म्हणून मी मेसमध्ये व्यवस्थित जेवून गेले. दार उघडलं तर टेबलावर हॅमचे काप, व्हिनेगरमधलं बीट, लोणी लावलेल्या पावाची चळत, मांसाचं सारण भरून भाजलेला ‘पोर्क पाय’, डब्यातले पीच आणि फ्रूटकेक. केकबरोबर चीजचा तुकडाही होता, तो इथला रिवाज. आणि या सगळ्याच्या मधोमध लोकरीचं टोपडं घातलेली तपकिरी चहादाणी. नाही म्हणायची सोय नव्हती. त्या रात्रीची ड्यूटी कशी केली ते माझं मला माहीत.

लेखातली दुसरी गोष्ट. राजा दुसऱ्या चार्ल्सच्या पोर्तुगीज राणी कॅथरीनने इंग्लंडला चहा आणला, हे तितकंसं खरं नाही. तिचं लग्न १६६२चं. लंडनच्या सॅम्युअल पीप्सने आपण पहिल्यांदाच चहा मागवल्याची नोंद रोजनिशीत केली ती २५ सप्टेंबर १६६० रोजी. कॅथरीनमुळे चहा दरबारात प्रतिष्ठित झाला, एवढं श्रेय तिला जरूर द्यावं. तिच्या हुंड्यात मुंबई होती, म्हणून आपल्याकडे तिला थोडं झुकतं माप मिळत असावं!

चहा गरिबाच्या घरात पोचला तो कर उतरल्यामुळे, आणि त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. चहावरचा कर ११९ टक्क्यांपर्यंत गेला होता. साहजिकच चोरटा माल उदंड आणि भेसळ त्याहून उदंड. रिचर्ड ट्वायनिंग या चहाच्या व्यापाऱ्याने १७८५ साली वर्णन करून ठेवलंय: ॲश झाडाची पानं वाळवायची, भाजायची, पायाने तुडवायची, हिराकस (लोखंडाचा हिरवट क्षार) आणि मेंढीच्या लेंड्यांच्या पाण्यात भिजवायची आणि ती चहात मिसळायची. १७८४ साली पंतप्रधान पिट यांनी कर साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चोरट्या धंद्याचा कणाच मोडला. या हकिगतीपुढे राजघराण्यातल्या कपबश्या मला तरी फिक्या वाटतात.

मला टीला बोलावणाऱ्या त्या मदतनीस बाई तरुणपणी इथल्या लोकरीच्या गिरणीत होत्या. मागावरून उतरलेल्या कापडातल्या गाठी काढायच्या, तुटलेला धागा सुईने भरून काढायचा, हे काम. पुढे त्यांच्याकडे माझं नेहमीचंच जाणं झालं. चहा करण्याची त्यांची पद्धत ठरलेली. आधी गरम पाणी फिरवून चहादाणी तापवायची, मग माणशी एक चमचा पत्ती आणि एक चमचा ‘चहादाणीचा’. वर उकळतं पाणी. टोपडं चढवलं की म्हणायच्या, “लेट इट मॅश.” म्हणजे मुरू दे. तोवर कुणी झाकणाला हात लावायचा नाही.

युद्धात १९४० साली चहाचं रेशनिंग सुरू झालं तेव्हा माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे सत्तावन्नेक ग्रॅम पत्ती मिळायची. चहादाणीचा चमचा तेव्हा बंद झाला. रेशनिंग उठलं १९५२ साली. तरी त्यानंतर वीस वर्षांनीसुद्धा बाई माणशी चमचे भराभर टाकायच्या आणि शेवटचा एक चमचा डब्यावर जरा झटकून, निम्मा करून घालायच्या.

फोटोखालची ओळ तेवढी दुरुस्त करावी, ही विनंती.

आपली वाचक,
एक निवृत्त परिचारिका, हडर्सफील्ड, इंग्लंड