मावशी, आजीशी शेवटपर्यंत भांडलीस त्याबद्दल थँक्यू

मावशी, हे तू स्वतः वाचणार नाहीस मला माहितीये, तुझी सून वाचून दाखवेल, तिलाच पाठवतेय. आणि असं सगळ्यांसमोर लिहायचं कारण म्हणजे आजी गेल्यावर आम्हाला ढीगभर मेसेज आले, भावपूर्ण श्रद्धांजली नि हात जोडलेले, आम्ही पण सगळ्यांना धन्यवाद टाकले आणि जिचे खरे मानायचे होते ती व्हॉट्सॲपवरच नाही.

बाकी जे वाचतायत त्यांच्यासाठी सांगते. ही मावशी आमच्या मालवणजवळच्या आचऱ्याच्या घरी दारावर मासे घेऊन येते, बाबांच्या लग्नाच्या आधीपासून येते म्हणे, आणि आमची आजी म्हणजे तिचं आख्ख्या वाडीतलं सगळ्यात कटकटं गिऱ्हाईक. प्रेमाने म्हणतेय पण खरंय ते. सोमवार सोडला, श्रावण सोडला की खळ्यात हाक यायचीच. मग माशांची पाटी लोट्यावर (म्हणजे बाहेरच्या ओट्यावर) उतरायची, आजी पडवीतून बाहेर यायची आणि पुढचा अर्धा तास कुणी तिला फोन करायचा नाही, उचलायचीच नाही.

आजीला शेवटची काही वर्षं नीट दिसत नव्हतं. तू म्हणायचीस, रापणीतले (किनाऱ्यावरून ओढतात त्या जाळ्यातले) ताजे बांगडे असत, डोळे बघ तेंचे, आणि ती म्हणायची, माका दिसता काय डोळे बघूक? मग पाटीत हात घालून एक बांगडा उचलायची, अंगठ्याने कल्ला उघडायची, नाकाशी न्यायची, मग पोटावर बोट दाबून बघायची, मग शेपटीकडे, आणि परत टाकून दुसरा. पाचसहा बांगडे असे चाचपून झाले की मग म्हणायची, कालचे असत. तू कपाळाला हात लावायचीस. तू दोनशे म्हणालीस की ती शंभर, मग तू माशांचा वाटा उचलून परत पाटीत टाकायचीस, ती म्हणायची जा तर जा, आणि तू जायची नाहीस. लहानपणी मला वाटायचं तुमचं खरंच भांडण लागलंय, आता चहासुद्धा नाही देणार ही तुला. पण चहा यायचाच, आणि वर परसातली चार तिरफळं नाहीतर आमसुलं तुझ्या पदरात.

आणि त्या भांडणात काय काय असायचं! तू म्हणायचीस मासो मिळणा नाय गो, पर्ससीनवाल्यांनी (म्हणजे मोठ्या गोल जाळ्यांच्या यांत्रिक बोटी) दर्या खरवडून नेलो, आणि आजी म्हणायची, त्यांच्यावर तर सरकारने निर्बंध घातले ना, मग? म्हातारीला सगळं पाठ होतं, 2016 ला पर्ससीनवर निर्बंध आले, 2017 ला एलईडी लाईट लावून मासे पकडायला बंदी झाली, हे मला मुंबईत पेपर वाचून माहीत नव्हतं, तिला तुझ्याकडून माहीत होतं. मग तू सांगायचीस की कागदावर बंदी आणि रात्री समुद्रात बघ कशी दिवाळी असते ती. त्यावर ती जरा गप्प व्हायची आणि दहा रुपये वाढवायची. दहाच.

जून-जुलैला होड्या बंद. 1 जून ते 31 जुलै, माशांची अंडी घालायची वेळ आणि दर्या पण खवळलेला. तेव्हा खरंतर तुला यायचं काही कारण नव्हतं, तरी यायचीस. कधी सुके बांगडे, कधी गोलमो म्हणजे सुका जवळा, कधी खाडीतली कालवं, आणि एकदा नुसतीच आलीस, पाटी नाही काही नाही, आणि तरी तुम्ही दोघींनी मागच्या महिन्याच्या हिशोबावरून वाद घातलात.

तौक्ते वादळाचं तर मी विसरूच शकत नाही. मे 2021. इकडे लॉकडाऊन, बाबा मुंबईत अडकलेले, आजी तिकडे एकटी, रात्री झोपायला फक्त शेजारची मुलगी यायची. लाईट गेली, मोबाईल गेले, टीव्हीवर मालवण-देवगडची पडलेली झाडं दाखवतायत आणि आमचा कुणाचा कुणाला फोन लागत नाही. तुझं स्वतःचं घर किनाऱ्यावर, पत्रे उडालेले, होडी कुठे गेली माहीत नाही, आणि तू पडलेली झाडं ओलांडत चालत आमच्याकडे गेलीस. मग तुझ्या मुलाने सड्यावर चढून रेंज पकडली आणि बाबांना फोन केला, म्हातारी बरी असा, माड गोठ्यार पडलो, घराक काय नाय झाला. बाबा फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभे होते. तुला हे कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगतेय.

गावपळणीला पण तसंच. (आचऱ्याबाहेरच्यांना माहीत नसेल तर, रामेश्वराचा कौल घेऊन दर काही वर्षांनी आख्खा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतो, माणसं, गुरं, कोंबड्या, सगळे.) आम्ही आजीला खुर्चीत बसवून खाडीपलीकडच्या राहुटीत नेलं होतं. तर तू त्या एवढ्या राहुट्यांमधून विचारत विचारत बरोबर आमची शोधून काढलीस आणि पाटी उतरवून पहिलं वाक्य काय, तर हय भाव जास्त असा, गावाभायर आसय. आजी काय हसली होती.

पण मला मुख्य लिहायचंय ते नंतरचं. आजी पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि ती कॉटवर आली ती आलीच. मावशी, त्या दिवसापासून आम्ही सगळे तिच्याशी लहान मुलाशी बोलतात तसं बोलायला लागलो. जेवलीस का गं, औषध घेतलंस का, शहाणी ना तू. डॉक्टर पण तसेच, ती खोलीत असताना तिच्याबद्दल बाबांशी बोलायचे. कुणी तिला काही विचारायचं नाही, सगळे तिला सांगायचे. एक तू तेवढी पाटी घेऊन सरळ कॉटपर्यंत आलीस. बाबा म्हणाले मावशी आज राहू दे, तिला बरं नाही, तर आतून आवाज आला, पाय मोडलो, नाक नाय मोडला, हाड (म्हणजे आण) ती पाटी हय. आणि तू पाटी कॉटवर तिच्या मांडीशी टेकवलीस, प्लास्टिक पण अंथरलं नाहीस. चादरीला वास लागला म्हणून आई चिडली होती, पण तो वास आम्ही नंतर तिच्यापासून कधी तोडला नाही.

बाबांना वाटायचं तुझं नुकसान होतंय. म्हातारी शंभरच्या वर जात नाही, तू देऊन टाकतेस, म्हणून त्यांनी एकदा बाहेर येऊन हळूच तुला सांगितलं की ती म्हणते तेवढे घे, वरचे मी जीपे करतो. तू त्यांच्याकडे काय बघितलंस! वरचे पैशे कित्याक? म्हातारेन शंभर सांगल्यान, मी शंभर घेतलंय, झाला. आणि तू काही दरवेळी देऊन टाकायची नाहीस हे पण मला माहितीये. एकदा सुरमई दाखवलीस आणि ती हटली नाही तर उचलून शेजारच्या घरी विकून आलीस. आजी दिवसभर धुमसत होती, संध्याकाळी फोनवर मला पण तेच, सुरमई नेली तिने. आजारी बाईला कुणी असं करतं का असं आई म्हणाली. मला विचारशील तर त्या दिवशी आजीचा आवाज बऱ्याच महिन्यांनी पहिल्यासारखा वाटला. आम्ही तिला औषधं दिली, डायपर बदलले, माणूस ठेवलं, सगळं केलं. पण घर तिच्या हातात आहे असं तिच्याशी वागायला आम्हाला जमलं नाही, तुला जमलं, आणि त्याचेच आभार मानायला एवढं मोठं लिहितेय.

ती गेली त्या रात्रीचं जास्त नाही लिहीत. आम्ही कणकवलीला उतरून पोचेपर्यंत तुझ्या मुलांनी वाडीतल्या लोकांबरोबर लाकडं रचून ठेवली होती, ऐन मासळीच्या दिवसात होडी बंद ठेवून. तू तिच्या पायाशी बसली होतीस. तेराव्यापर्यंत रोज आलीस, पाटीशिवाय.

आणि मग सुतक संपल्यावरच्या तिखटाच्या, म्हणजे मासळीच्या जेवणाला बांगडे तूच आणलेस. आम्हाला सगळ्यांना वाटलं आता ही पैसे घेणार नाही, आई नको नको म्हणायच्या तयारीत उभी. तर तू पाटी लोट्यावर उतरवून म्हणालीस, म्हातारी असती तर दीडशेत गेले असते, तुमका दोनशे. काकी रडत रडत हसायला लागली. दोनशे दिले आम्ही, रोख. त्या दिवशीचं बांगड्याचं तिखलं कुणाला धड जमलं नाही, तिरफळं जास्त पडली, तरी सगळं संपलं.

आता एक राहिलंय. पडवीतल्या कालनिर्णयवर फेब्रुवारीच्या पानावर आजीने शेजारच्या मुलीकडून लिहून घेतलंय, बांगडे 100, दिले 60, बाकी 40. तू बाबांना बाकी सत्तर सांगितलीस. गणपतीत आम्ही सगळे येतोय तेव्हा निवांत चहाला बस आणि सांग हे वरचे तीस कुठले ते. आणि आधीच सांगून ठेवते, चाळीसच देणार.

तुझ्या कटकट्या गिऱ्हाईकाची नात