रविवारची बैठक: सायबर राजनय

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या अभ्यासिकेत बैठक आहे. परराष्ट्र मंत्रालयात सायबर राजनयाचं (सायबर विषयांवर इतर देशांशी बोलणी, वाटाघाटी) काम केलेले एक निवृत्त अधिकारी बोलणार आहेत. स्पर्धा परीक्षावाल्यांनी तरी चुकवू नये.

येण्याआधी एवढं वाचाच:

- बुडापेस्ट करार (२००१), म्हणजे सायबर गुन्हेगारीवरचा आंतरराष्ट्रीय करार. भारत यात का नाही? मसुदा ठरताना आपण नव्हतो, हा एक आक्षेप. दुसरा कलम ३२(ब) वर: माहितीवर कायदेशीर अधिकार असलेल्याने संमती दिली, की दुसऱ्या देशाच्या सरकारला न विचारता तिथला डेटा घेता येतो. यावर आपल्यात दोन तट आहेतच. मुद्दे आणा, आवाज नको.
- संयुक्त राष्ट्रांचा सायबर गुन्हेगारीविरोधी करार, आमसभेने डिसेंबर २०२४ मध्ये स्वीकारलेला.
- सर्ट-इनचे (सायबर हल्ल्यांसारख्या घटना हाताळणारी केंद्र सरकारची संस्था) एप्रिल २०२२ चे निर्देश: सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणं बंधनकारक.

प्रश्न शुक्रवारी रात्रीपर्यंत इथेच टाका, प्रत्येकी एकच. 'या खात्यात शिरायचं कसं?' हा प्रश्न शेवटच्या पंधरा मिनिटांत घेऊ, नाहीतर सगळा वेळ त्यातच जातो.

रेकॉर्डिंग, फोटो नको. पाहुण्यांचं नाव बाहेर पाठवू नका. १० वाजून १० मिनिटांनी दार बंद.