डबे आपोआप भरत नाहीत, मंजू

प्रिय मंजू,

स. न. वि. वि. हसू नकोस. इतक्या महिन्यांनी लिहितेय तर जरा रीतसर असू दे. तुझं ते मोठं पत्र खणात पडून आहे आणि खण उघडला की ते माझ्याकडे बघतं, म्हणून हल्ली मी तो खणच उघडत नाही. तब्येती ठीक. माझा गुडघा आहे तिथेच आहे, सुधीरचं बीपी गोळीवर, लेक उंच होतेय. झालं.

घरात एक प्रकार झालाय. तो दुसऱ्या कुणाला सांगितला तर लोक म्हणतील, "अगं किती छान!" आणि मला नेमकं तेच ऐकायचं नाहीये. नलूताई तर डोळे पुसेल. तू चिडशील. मला चिडणारं माणूस हवंय.

सुरुवात बजेटपासून. सुधीरने नोकरी बदलली हे तुला कळलंच असेल, अभ्याच्या पोटात काय राहतंय. पगार कमी झाला, घराचा हप्ता होता तेवढाच राहिला, फी वाढली. कुठे हात घालायचा? हप्ता हलत नाही, फी हलत नाही, वीज फार हलत नाही. हलतं ते किराणा. म्हणून मागच्या वर्षभराची बिलं काढून बसले आणि महिन्याच्या वाणसामानाला एक आकडा ठरवला. बिलं मांडल्यावर खाण्यावर मिळकतीचा केवढा हिस्सा जातोय ते पाहिलं आणि तुझा एंगल आठवला. तोंडी परीक्षेत त्याच्याऐवजी मी मार्क्सच्या मित्राबद्दल, त्या एंगल्सबद्दल, पाच मिनिटं ठोकून दिलं होतं, आणि बाहेर आल्यावर तू पोट धरून हसत म्हणालीस, "अगं तो फ्रीडरिक, हा अर्न्स्ट! हा संख्याशास्त्रवाला!" तर १८५७ साली त्या अर्न्स्टने जे मांडलं, की मिळकत जितकी कमी तितका तिचा मोठा वाटा पोटात जातो, ते माझ्या फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर सिद्ध झालंय. सरांना कळव. गुण वाढवून मिळतात का बघ.

पहिले दोन-तीन महिने नुसता विनोद झाला. आकडा मी धरला होता महिन्याचा, आणि पहिल्या पंधरवड्यात माणूस जमीनदार असतो. मग उरलेले दिवस "घरात काय आहे ते संपवू" मोहीम. शेवटी महिन्याचा आकडा आठवड्यांत तोडला, पैसे पाकिटात घालून ठेवले, आणि पाकीट रिकामं झालं की दुकान बंद. याने खरंच फरक पडतो. कार्डाला तळ दिसत नाही, पाकिटाला दिसतो. पण महिना काही चार आठवड्यांचा नसतो, वर दोन-तीन दिवस लोंबत राहतात आणि ते कुठल्या पाकिटातून जेवणार, यावर सुधीरशी माझं रीतसर भांडण झालं. वर्षातून एकदाच घ्यायच्या गोष्टींचंही तेच. त्या ज्या महिन्यात येतात तो महिना उगाच बदनाम होतो. त्यांना बाराने भागून दर महिन्याला थोडे बाजूला टाकायला लागले तेव्हा कुठे आकडा माणसात आला. आणि साबण, फिनेल, भांड्यांची पावडर, ब्रश? ही मंडळी किराण्याच्या बिलात चोरून शिरलेली असतात. त्यांना वेगळ्या पानावर काढलं. मग कळलं की आपण जेवतो कमी आणि घासतो जास्त.

सुधीरला या सगळ्यासाठी मोबाइलवर अ‍ॅप हवं होतं. मी म्हटलं वही. हाताने लिहिलं की रक्कम बोटाला लागते. मोतोको हानी नावाच्या जपानी पत्रकार बाईंनी १९०४ साली घरखर्चाची वही काढली, काकेबो म्हणतात तिला, आणि ती पद्धत अजून चालते, हे त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, १९०४ साली मोबाइल नव्हते. या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

लेकीला शाळेत दुकानांच्या इतिहासावर प्रकल्प होता, त्यामुळे आणखी एक गंमत कळली. पूर्वी गिऱ्हाईक यादी द्यायचं आणि दुकानातला माणूस सामान काढून द्यायचा. १९१६ साली अमेरिकेत मेम्फिसला क्लॅरन्स सॉन्डर्स नावाच्या गृहस्थाने दुकानच असं काढलं की गिऱ्हाईकाने स्वतः फिरून फळीवरचं उचलावं. म्हणजे यादीत नसलेल्या शंभर गोष्टींसमोरून तुम्हाला चालवायचं! पुढे १९३७ साली सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुसऱ्या दुकानदाराने ढकलगाडी आणली, कारण हातातली टोपली जड झाली की लोक खरेदी थांबवायचे. सुरुवातीला कुणी गाडीला हात लावेना, तर त्याने पैसे देऊन माणसं ठेवली, दुकानात नुसत्या गाड्या ढकलत फिरायला. तेव्हापासून मी हातातली पिशवीच नेते. हात दुखला की खरेदी संपली. माझ्या गुडघ्याने आणि खांद्याने मिळून जेवढी बचत केलीय तेवढी सुधीरच्या अ‍ॅपने जन्मात केली नसती.

आता मुद्दा. (तू एव्हाना पानं उलटून मुद्दा शोधत असशील, तुझी जुनी खोड.)

माझे डबे तुला माहितीयत. आईचे, पितळी झाकणांचे. एक अख्खं पाकीट ओतलं की माल गळ्यापर्यंत यायचा. मध्यंतरी लक्षात आलं, तेच पाकीट, तीच किंमत, तेच चित्र, पण माल गळ्याच्या खाली बोटभर राहतोय. वजनाचा बारीक आकडा पाहिला तर तो गुपचूप कमी झालेला. मग वेडच लागलं. पाकिटावरची किंमत बघणं सोडलं आणि किलोचा भाव काढायला लागले. मोठं पाकीट स्वस्त असतंच असं नाही, दोनावर एक फुकट म्हणजे गरज एकाची हेही कळलं. आणि डब्यांना बाहेरून चिकटपट्टी लावून रेघा मारल्या, किती दिवसांत किती उतरतं ते कळावं म्हणून. सुधीर म्हणाला, आता घरात पर्जन्यमापक पण बसव.

मग एक महिना बजेट बसलं. नुसतं बसलं नाही, पाकिटात थोडे उरले. मी नाचले. पुढचा महिनाही बसला. तेव्हा मात्र मी डबे बघितले, मंजू, आणि माझ्या रेघा जुळेनात. खर्च रोजचाच, माणसं तेवढीच, मी आणलेलं वहीत आहे, आणि डब्यातला माल माझ्या हिशेबाने तळाला असायला हवा तो रेघेच्या वर! सुधीर म्हणाला, द्रौपदीची थाळी मिळालीय, गप बस. पण आपण हिशेबाच्या पोरी. शिल्लक जुळली नाही तर कमी आली काय आणि जास्त आली काय, दोन्ही चूकच.

कचऱ्याच्या डब्यात, खाली, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेलं एक रिकामं पाकीट सापडलं. मी त्या कंपनीचं घेत नाही.

बाबा.

संध्याकाळी फिरायला जातात ना, पाय मोकळे करायला. शर्टाच्या आतल्या खिशात कापडी पिशवी घडी करून नेतात. येताना थोडं काहीतरी आणतात, मी लेकीला शिकवायला बसले की स्वयंपाकघरात जाऊन डब्यात ओततात, पाकीट गुंडाळून तळाशी टाकतात. रोज रात्री जेवताना मी वहीतली शिल्लक मोठ्याने वाचते, घरात सगळ्यांना माहीत असावी म्हणून. ती बाबा ऐकत होते.

आता म्हण "किती छान". बघू तरी म्हणतेस का!

कारण मी पुढचंही पाहिलं. वर्तमानपत्र बंद करून ते शेजाऱ्यांचं दुपारनंतर आणून वाचतायत. म्हणे, शिळ्या बातम्या पचायला बऱ्या. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, "पुढच्या महिन्यात बघू" म्हणाले, आणि तो पुढचा महिना दर महिन्याला पुढे जातोय. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलीय. पेन्शन केवढी ते मला ठाऊक आहे. म्हणजे माझं बजेट बसलंय ते बाबांच्या डोळ्यांवर. वहीत बचत दिसते, पण पैसे वाचलेलेच नाहीत, नुसते एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेत, आणि तो खिसा वहीत नाही.

आता कळलं ना तुलाच का लिहितेय?

आपली खोली. तो पत्र्याचा डबा, दोघींनी एक तारखेला सारखे पैसे टाकायचे आणि खजिनदार मी. महिनाअखेर डब्यात काहीतरी शिल्लक असायचीच आणि मी आख्ख्या मजल्यावर मिरवायचे की खोली चालवावी तर अशी. आणि तू कॉलेजला चालत जायचीस. बसचे पैसे डब्यात टाकून. "पाय मोकळे होतात गं." हेच शब्द, मंजू! बाबा परवा दारात चपला घालताना हे म्हणाले आणि माझ्या अंगावर काटा आला. अभ्याने तुझं बिंग फोडलं तेव्हा आपण किती दिवस बोललो नव्हतो? तू म्हणालीस, माझे पैसे, मी कुठेही टाकेन. मी म्हणाले, मग हिशेब कसला ठेवतेय मी, भातुकली? तुझं म्हणणं होतं की मी तुला सगळ्यांसमोर विचारायला नको होतं. माझं म्हणणं आजही तेच आहे: डब्यात टाकायचे तर नाव लिहून टाकावेत. भांडण संपलं ते मेसच्या काकूंमुळे. मुद्दा कधी संपलाच नाही. हे पत्र म्हणजे त्याच भांडणाचा पुढचा भाग समज हवं तर.

पण या खेपेला मला दुसरी बाजू हवीय. ती फक्त तुझ्याकडे आहे. गुपचूप टाकणाऱ्याला नक्की काय हवं असतं? कळू नये असंच वाटतं, की कुणीतरी ओळखावं आणि बोलू नये? त्या वेळी मी काय केलं असतं म्हणजे तू बसने गेली असतीस?

सुधीर म्हणतो, राहू दे, त्यांना आपण घरात काही करतोय असं वाटतं, ते काढून घेऊ नकोस. यात तथ्य आहे, म्हणून जास्त राग येतो. दादाला फोनवर आडून विचारलं तर त्याने लगेच "मी पैसे पाठवतो" केलं, म्हणजे आणखी एक खिसा! मी ठरवलंय ते असं: आकडाच वाढवायचा. बाबा अंदाजे जेवढं आणतात तेवढा. माझा आकडा मुळातच खोटा होता असं समजायचं, कारण घर त्यात चालत नाही हे दोन महिने सिद्ध झालंय. वाढलेले पैसे घासण्या-धुण्याच्या पानावरून थोडे काढीन, थोडे सुधीरच्या बाहेरच्या खाण्यातून. त्याला अजून सांगितलेलं नाही. आणि रात्रीचं शिल्लकवाचन बंद. वही राहील, मोठ्याने वाचायची नाही. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ मी घेऊन टाकलीय, बाबांना आदल्या दिवशी सांगेन.

एवढं करून मग डबे रेघेवर आपसूक भरलेले दिसले की बाबा हात आवरतील का? मला शंका आहे. तू आवरला नव्हतास. मी वर्गणी वाढवली तर तूही वाढवलीस, आणि चालत जाणं सुरूच! म्हणून वाटतं, समोर बसून सरळ म्हणावं, "बाबा, वहीत तुमच्या नावाचं एक पान काढते, दर महिन्याला ठरलेली रक्कम द्या, आणि वरचं काही नाही." ते अपमान समजतील की सन्मान? सुधीर म्हणतो अपमान. मी म्हणते सन्मान. तू ठरव. तू म्हणशील ते मी ऐकेन असं नाही, पण तू ठरव.

तुझ्याबद्दल विचारायचं राहिलंच. बदली थांबली का? सासूबाईंचा हात प्लॅस्टरमधून निघाला? चिन्मय कुठली शाखा घेतोय? त्याला अर्थशास्त्र घेऊ देऊ नकोस, आणि घेतलंच तर दोन्ही एंगलांचे फोटो आधी दाखव. तुझ्या पत्रातल्या त्या वरिष्ठांच्या भानगडीवर मला बरंच म्हणायचंय, पण जागा संपली. थोडक्यात: तुझं बरोबर आहे, माणूस नालायक आहे.

उत्तर लिहूनच पाठव. फोन करू नकोस. माझा फोन जेवणघरात असतो, तू मोठ्याने बोलतेस, आणि बाबांचे डोळे गेले असले तरी कान अजून शाबूत आहेत.

तुझी,
खजिनदार