क्वांटम संगणकाआधी भूजलाची मोजणी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

क्वांटम संगणक, म्हणजे अणूंच्या पातळीवरच्या नियमांवर चालणारे संगणक, आले की पावसाचा अंदाज चुकणार नाही, अशा आशयाचे लेखन अलीकडे वारंवार वाचनात येते. ती आशा तूर्त दूरची आहे; या संगणकांत चुकांचे प्रमाण अजून मोठे आहे आणि उपग्रह व रडारकडून येणारी अफाट आकडेवारी त्यांत भरायची कशी, हेही सुटलेले नाही. त्याच विद्येतली क्वांटम संवेदके, म्हणजे अतिसूक्ष्म फरक मोजणारी उपकरणे, मात्र आज वापरता येण्याजोगी आहेत, आणि सोलापूरला गरज आहे ती त्यांची.

या उपकरणात लेसरने जवळजवळ निरपेक्ष शून्यापर्यंत (सुमारे उणे २७३ अंश सेल्सियस) थंड केलेले रुबिडियमचे अणू निर्वातात सोडतात व त्यांच्या पडण्यावरून गुरुत्वाकर्षण मोजतात. जमिनीखालचे पाणी घटले की ओढही किंचित घटते. आपल्या काळ्या पाषाणात पाणी राहते ते भेगांत आणि मुरमात. त्याचे प्रमाण दोन टक्के धरले, तर विहीर पाच मीटर उतरली तरी प्रत्यक्षात दहा सेंटीमीटरचाच थर गेलेला असतो, आणि त्याने गुरुत्वाकर्षणात पडणारा फरक एक अब्जात जेमतेम चार भाग भरतो. एवढा फरकही ही यंत्रे टिपू शकतात. २००२ पासून ग्रेस उपग्रहांनी हेच काम अवकाशातून केले, परंतु त्यांची नजर शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यावर असल्याने त्यांना सांगोला आणि अक्कलकोट वेगळे दिसत नाहीत.

गेल्या मे महिन्यात सांगोल्याजवळ नातेवाइकांच्या डाळिंबाच्या बागेत पाणाड्याने तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवली. बोअर ५२० फुटांपर्यंत नेली. वर आली ती नुसती राखाडी भुकटी. बोअर कुठे घ्यावी हे नवे यंत्रही सांगणार नाही (नारळवाल्यांनी निश्चिंत असावे), पण त्या शिवाराखालचा साठा ऑक्टोबर ते मे या काळात किती घटला, हे ते सांगू शकेल.

केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले असून त्यातील संवेदनाचे केंद्र आयआयटी मुंबईत आहे. ढगांवरील प्रयोगासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूरचीच निवड केली होती. तसेच एखादे गुरुत्वमापक येथे आणून, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींशेजारी पावसाळ्यापूर्वी व नंतर निदान तीन वर्षे मोजमाप घ्यावे आणि ते आकडे तालुकानिहाय जाहीर करावेत, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, सोलापूर