पाटी कापसात सापडली होती

चि. बापूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू फार तापलेला होतास, म्हणून मी ऐकून घेतलं. काल पोळा झाला. दिवस पुरणात आणि बैलांत गेला. आज सगळं आवरून लिहायला बसले आहे. फोनवर मला धड बोलता येत नाही, आणि छकुली मध्येच फोन ओढून घेते.

तुझं म्हणणं मला कळलं. सव्वातीन वर्षांच्या पोरीला पेन्सिल धरता येत नाही, असं बाईंनी डायरीत लिहून दिलं. घरी रोज दोन पानं ठिपके जोडून घ्या म्हणाल्या. पोरगी रडते, तिला बसवता बसवता सूनबाईही रडकुंडीला येते. तू म्हणतोस, शाळेतून काढूनच टाकतो, पहिलीच्या आधी काही लागत नाही, मी कुठे शिकलो होतो?

शिकला होतास रे. मीच बसवला होता तुला.

तू साडेतीन वर्षांचा असताना गल्लीतली दोन पोरं गाडीत बसून अमळनेरला इंग्रजी शाळेत जायला लागली आणि माझ्या पोटात गोळा आला. सकाळी अंगणवाडीत मी दुसऱ्यांच्या लेकरांना माती खेळवायची, गाणी म्हणवायची. संध्याकाळी घरी मात्र तुला ओट्यावर पाटी घेऊन बसवायची. पाटीभर 'अ' काढल्याशिवाय ताट नाही. एके दिवशी पाटी गायब. तू सांगितलंस, उंदराने नेली. पुढे कापूस विकायला काढला तेव्हा मागल्या खोलीतल्या ढिगातून ती निघाली. गाडी भरणारे गडी हसले, तुझे वडील हसले. तुझी आजी हसली नाही. "लेकरू शे ते, जुपू नको आत्तेच," एवढंच म्हणाली आणि पाटी घेऊन आत गेली.

आजी शाळेची पायरी चढली नव्हती. मी तर प्रशिक्षण घेऊन आले होते. तिथे सांगितलेलं माझ्या वहीत लिहिलेलं होतं : मनगटात आठ लहान हाडं असतात, जन्मताना ती सगळी मऊ कूर्चाच असते, आणि एकेक करत ती तयार व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. तीन वर्षांच्या मुलाचं मनगट आणि बोटं बारीक रेघेचं काम पेलायला तयार नसतात. हे लिहून घेतलं मी, आणि घरी येऊन तुझ्या हातात पेन्सिल कोंबली. अजूनही तुझं अक्षर बघितलं की मला ती पाटी आठवते.

म्हणून छकुलीची पेन्सिल काढून घे. शाळा सोडवू नको. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तू रागात त्यांची एकच मोट बांधली आहेस.

पेन्सिल धरायला अंगठा आणि शेजारची दोन बोटं लागतात ना? ती बोटं कामाला लावायची, लिहायला नव्हे. अंगणवाडीत मी ताटात तूर, मूग, हरभरा एकत्र करून ठेवायची आणि पोरं वेगळं करत बसायची. मणी ओवायची, शेंगा सोलायची, कणकेचे गोळे वळायची. पोळ्याच्या आधी काळी माती भिजवून बैल करायची. कुणाच्या बैलाला पाच पाय असायचे, आणि ते का, याचं त्यांच्याकडे उत्तरही असायचं. तीच बोटं सहाव्या वर्षी आपोआप पेन्सिल धरतात. (एकाच्या नाकात हरभरा गेला होता. तो फुगायच्या आत काढायला अमळनेरला पळावं लागलं. तेव्हापासून दाणे काढले की मी जागची हलायची नाही. सूनबाईला हे आवर्जून सांग.)

गणिताचंही तसंच. छकुली शंभरपर्यंत म्हणते असं तू कौतुकाने सांगितलंस. तिला म्हणावं, पाच चिंचोके दे. देते का बघ. आकडे म्हणणं हे गाणं आहे. एका चिंचोक्याला एक आकडा लावणं हे मोजणं. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घे, एकातलं तिच्या देखत उंच निमुळत्या ग्लासात ओत आणि विचार, जास्त कुठे? ती उंच ग्लास दाखवेल. चूक म्हणू नको. तिला स्वतःला शंभर वेळा ओतू दे. हे पाठ करवून येत नाही, सांडून येतं.

आता शाळेचं. हे सगळं घरी होतं, मग शाळा कशाला, असं तू म्हणशील. तुमच्या घरात माणसं तीन. ती मागेल ते तिला मिळतं. थांबायचं कुणासाठी?

तुझ्या लहानपणी सातपुड्याकडून पावरा आदिवासी कुटुंबं आपल्याकडे शेतीच्या कामाला यायची. त्यातला एक चार वर्षांचा मुलगा माझ्याकडे बसायचा. त्याला मराठी यायची नाही, मला त्याची बोली यायची नाही. दोन महिने तोंडातून शब्द नाही. मदतनीस म्हणायची, मुका आहे. एकदा आम्ही बाजार मांडला. नारळाच्या करवंट्यांचा तराजू, चिंचोके, दगड, पळसाची पानं. हा पठ्ठ्या तराजूपाशी जाऊन बसला आणि एकदम ओरडला, "वीस रुपये किलो! घ्या, घ्या!" आठवडी बाजारात ऐकलेलं सगळं पोटात ठेवलं होतं त्याने. त्या दिवसापासून गप्प बसेना. त्याला समोर बसवून मी 'बोल' म्हटलं असतं तर तो बोलला नसता. त्याला गिऱ्हाईक हवं होतं, आणि ते दुसरं लेकरूच असावं लागतं.

ही माझी युक्ती नव्हे. लहान मुलांच्या शिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. पुढे अनुताई वाघांबरोबर १९५७ पासून कोसबाडला आदिवासी वस्तीत काम केलं. पोरं शाळेत येईनात, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. दगड, बिया, शिंपले हेच साहित्य. सरकारची अंगणवाडी २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, ती पुष्कळ नंतर.

आणि तुला परदेशातलं पटतं म्हणून सांगते. अमेरिकेत मिशिगन राज्यात १९६२ साली गरीब घरची १२३ मुलं निवडून त्यांतल्या ५८ जणांना बालवाडीत घातलं, बाकीच्यांना नाही. आणि पुढे चाळिशीपर्यंत त्यांचा माग ठेवला. बुद्धीच्या चाचणीतला फरक थोड्या वर्षांत पुसून गेला. पण बालवाडीतली मुलं जास्त शिकली, जास्त कमावती झाली, पोलिसांच्या हाती कमी लागली. तिथल्या बाई दर आठवड्याला प्रत्येकाच्या घरी जायच्या. आम्ही गृहभेटी म्हणायचो, तेच. बालवाडीतलं काय टिकतं? पाठ केलेलं नव्हे, एवढं तर दिसतंच. थांबणं, मागणं, सुरू केलेलं पुरं करणं, हे टिकत असावं असं मला वाटतं.

तेव्हा आधी शाळेत जाऊन बाईंशी बोल. भांडू नको. त्यांच्यावरही पालकांचा जाच असतो, 'पोरगं लिहीत का नाही' असं विचारणारे तुझ्यासारखेच बाप असतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षं हा खेळातून शिकण्याचा एकच टप्पा धरला आहे, आणि पहिली सहाव्या वर्षी. हे त्यांना ठाऊक असणार. वर्गात डोकावून बघ. पोरं जमिनीवर बसतात का, वस्तू त्यांच्या हाताला येतील अशा ठेवल्या आहेत की कपाटात कुलपात, आणि आवाज कुणाचा जास्त आहे, बाईंचा की पोरांचा. भिंतीवरची चित्रं सगळी एकसारखी आणि रेघेच्या आत रंगवलेली असतील, तर दुसरी शाळा शोध. पण शोध. घरी मोबाइल देऊन बसवू नको.

आणि ते लाकडी खेळण्यांचं महागडं खोकं घेऊ नको. सूनबाईला सांग, भाकरी थापताना एक गोळा तिला द्यायचा. तिची भाकरी फाटेल, ती तव्यावर टाकायची आणि तू खायचीस. हसायचं नाही.

शिरपूरच्या मामांबरोबर एक पिशवी पाठवते आहे. त्यात चिंचोके आहेत, धुऊन वाळवलेले, आणि कालचे मातीचे दोन बैल, कापसात गुंडाळून. वाटेत शिंग मोडेल बहुतेक. मोडलं तर तू चिकटवत बसू नको. मूठभर काळी माती वेगळी बांधली आहे, ती भिजवून तिच्यापुढे ठेव.

तुझी,
माय